सोल शहरांतील बिऱ्हाड

शहरांत बिऱ्हाड शोधावयास निघालेला आपल्याकडील गृहस्थ काय काय विचारतो, तें सर्वांच्या परिचयाचें आहे. पाणी किती वाजतां येतें, स्टेशन किती लांब, शेजार कसा, आणि भाडें किती. घरमालक त्याहून चौकस. नोकरी कोठें, पगार वेळेवर होतो ना, माणसें किती, मांसमच्छी शिजवितां काय, असें तो खोदून खोदून विचारतो. कारण उघड आहे. घर त्याचें आहे आणि तें परक्याच्या हातीं जावयाचें आहे. दक्षिण कोरियाच्या राजधानींत, सोल शहरांत, ही चौकशी उलट दिशेनें चालते. तेथें भाडेकरू घरमालकाची पत तपासतो. त्याच्या घरावर कर्ज किती, त्यानें सरकारी कर भरले आहेत कीं नाहींत, ह्याचे कागद पाहतो. आणि जो पाहत नाहीं त्यानें ते पाहावेत, असें तेथील सरकारच त्यास बजावून सांगतें. हें असें कां, तें आज सांगावयाचें आहे.

ह्याचें मूळ 'जॉन्से' नांवाच्या एका पद्धतींत आहे. तींत दरमहा भाडें नाहीं. घरांत शिरतांना भाडेकरूनें एकच मोठी रक्कम घरमालकाकडे ठेवावयाची, आणि मुदत संपली म्हणजे घरमालकानें ती सगळी, एक पैहि न कापतां, परत करावयाची. मधल्या काळांत तो त्या पैशाचें वाटेल तें करूं शकतो. त्याचें व्याज हेंच त्याचें भाडें. रक्कम मात्र थोडीथोडकी नसते. घराच्या विक्रीच्या किमतीच्या निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत, कधीं कधीं त्याहूनहि अधिक. मुंबईंत ज्याला 'हेवी डिपॉझिट' म्हणतात तो प्रकार ह्याच जातीचा आहे. परंतु मुंबईंत ती आडवाट आहे, कोरियांत तो पिढ्यान् पिढ्या राजमार्ग होता. पागडीशीं मात्र ह्याची गल्लत करूं नये. पागडीचा पैसा घरमालकानें मुदतीनंतर परत करावयाचा, अशी बोली नसते.

ही रीत बरीच जुनी आहे. १८७६ सालीं जपानशीं झालेल्या तहानें कोरियाचीं बंदरें खुलीं झालीं, बंदरांत व राजधानींत माणसांची गर्दी होऊं लागली, आणि त्या सुमारास ती पसरली असें सामान्यतः मानतात. जपानी अंमलदारांनीं १९१० सालीं तेथील रूढींचा जो अहवाल तयार केला, त्यांत घर भाड्यानें देण्याचा हाच सर्वांत रूढ प्रकार असल्याची नोंद आहे, आणि ठेवीचें प्रमाण किमतीच्या निम्म्यापासून दहांतील सात-आठ हिश्शांपर्यंत दिलें आहे. म्हणजे शंभर वर्षांत ह्या प्रमाणांत फारसा फरक पडला नाहीं.

पण तिला खरें बळ आलें तें १९५० ते ५३ च्या युद्धानंतर. खेडीं ओस पडूं लागलीं आणि सोल फुगूं लागलें. १९७० सालीं शहराची वस्ती सुमारें ५५ लाख होती. १९८८ सालीं ती एक कोटीवर गेली. बँकांचा पैसा सरकारनें पोलाद, जहाजें, रसायनें असल्या कारखान्यांकडे वळविला होता. घरासाठीं कर्ज मागणाऱ्या साध्या गृहस्थास बँकेच्या दारांत कोणी उभें करीत नसे. तेव्हां ज्याच्यापाशीं घर होतें पण रोकड नव्हती, त्याला, ज्याच्यापाशीं थोडी रोकड होती पण घर नव्हतें, त्यानें कर्ज दिलें, आणि व्याजाऐवजीं निवारा घेतला. दोघांचें काम बँकेवांचून भागलें. भाडेकरूला आणखीहि एक लाभ होता. दरमहा दिलेलें भाडें गेलें तें गेलेंच. पण ही ठेव शाबूत राहते. तरुण जोडप्यानें एका खोलींत संसार मांडावा, दोन वर्षांनीं ठेवींत भर घालून दोन खोल्यांत जावें, आणि शेवटीं तीच ठेव पुढें करून स्वतःचें घर घ्यावें. कोरियांतील मध्यमवर्गाच्या एका सबंध पिढीनें हा जिना असाच चढला आहे.

तेव्हां मुद्दा ध्यानांत आला असेल. येथें बिऱ्हाडकरू हा सावकार आहे आणि घरमालक ऋणको. आणि सावकारानें घर पाहून भागत नाहीं, त्याला ऋणको पाहावा लागतो. परंतु दलालाच्या मागोमाग जिने चढणारें जोडपें काय पाहतें? तें ऊन पाहतें.

ऊन हा तेथें खरोखरच मोठा प्रश्न आहे. सोलचा हिवाळा कडक. पारा शून्याच्या पुष्कळ खालीं जातो. म्हणून दक्षिणमुखी घराला मागणी अधिक. आपल्याकडे दक्षिणेचें दार म्हटलें कीं घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात. तेथें त्याच दिशेसाठीं चार पैसे जास्त मोजतात. जमीन खालून तापविण्याची जी जुनी रीत आहे, तिला 'ओन्दोल' म्हणतात. पूर्वी स्वयंपाकघरांतील जाळ दगडी फरशीखालच्या बोगद्यांतून फिरवीत. आतां ऊन पाण्याच्या नळ्या फिरवितात. माणसें त्या उबदार जमिनीवर बसतात, जेवतात, पुष्कळदां निजतातहि. तेव्हां ही व्यवस्था धड आहे कीं नाहीं, आणि तिला दरमहा इंधन किती लागतें, हें गृहिणी आधीं विचारते. भुयारी रेल्वेचें स्टेशन पायीं किती मिनिटांवर, हा पुढचा प्रश्न. स्टेशनच्या टापूंतील घरांना तेथें स्वतंत्र नांवच आहे.

आणि मग शाळा. आवारालाच लागून प्राथमिक शाळा आहे, मुलाला रस्ता ओलांडावा लागत नाहीं, अशा वसाहतीला तेथील लोकांनीं एक लाडकें नांव दिलें आहे. त्याचा अर्थ, शाळेला कुशींत घेतलेलें घर. मेन्सियस नांवाच्या चिनी तत्त्ववेत्त्याच्या आईनें मुलाला चांगला शेजार मिळावा म्हणून तीनदां घर बदललें, ही कथा कोरियांत पोरासोरांना ठाऊक आहे, आणि तिचें अनुकरण आजहि चालूं आहे. हान नदीच्या दक्षिणेस सरकारनें नवें शहर वसविलें, तेव्हां उत्तरेकडील नामांकित विद्यालयें तिकडे हलविलीं. ग्यॉंगी हायस्कूल १९७६ सालीं गेलें. त्यांच्या मागोमाग आईबाप गेले. त्या गांगनाम भागांत देची-दोंग म्हणून एक मोहल्ला आहे. तेथें खासगी शिकवणीचे वर्ग इतके दाटले आहेत कीं रात्रीं दहा वाजतां, कायद्यानें वर्ग सुटावयाच्या वेळीं, मुलांना न्यावयास आलेल्या मोटारींनीं रस्ता तुंबतो. शिकवणीच्या वर्गांविषयीं माझें मत काय आहे, तें श्रोत्यांनीं विचारूं नये. मी शाळेंत शिकविलें आहे.

देची-दोंगमध्यें १९७९ सालीं बांधलेली एउन्मा नांवाची ४,४२४ बिऱ्हाडांची वसाहत आहे. इमारती जुनाट, मोटारी ठेवण्यास जागा अपुरी. तरी भाडेकरूंची रीघ लागलेली. कित्येकांचें दुसरीकडे स्वतःचें, ह्याहून मोठें आणि नवें घर असतें. तें ते जॉन्सेनें दुसऱ्याला देतात, आलेली ठेव घेऊन देची-दोंगमध्यें येतात, आणि मुलाची विद्यापीठाची परीक्षा होईपर्यंत लहान घरांत अडचणीनें दिवस काढतात. म्हणजे तोच गृहस्थ एका घरापुरता ऋणको आणि दुसऱ्या घरापुरता सावकार. ह्या साखळीचा विचार पुढें करावयाचा आहे.

ज्यांच्याजवळ ठेव नाहीं त्यांना हे निवडीचे लाड परवडत नाहींत. कोंदट अर्धें तळघर, गच्चीवरची खोली, किंवा परीक्षार्थींसाठीं निघालेल्या, पलंग आणि टेबल मावेल एवढ्याच कोठड्या, असे त्यांच्यापुढें तीन पर्याय. ह्या तिहींच्या कोरियन नांवांतील एकेक अक्षर जुळविलें तर जो शब्द होतो, तो 'नरक' ह्या शब्दासारखा ऐकूं येतो, आणि तरुण मंडळी तो विनोदानें वापरतात. अर्ध्या तळघरांचा मूळ हेतु युद्धप्रसंगीं आसरा हा होता. पुढें तीं भाड्यानें जाऊं लागलीं. ८ ऑगस्ट २०२२ च्या अतिवृष्टींत सोलच्या ग्वानाक भागांतील अशाच एका घरांत पाणी शिरून एका कुटुंबांतील तिघी जणी बुडून मेल्या. त्यानंतर अशीं घरें बंद करण्याचा विचार पुढें आला. पण तेथील माणसांनीं त्याच पैशांत जावें कोठें, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आलाच.

आतां थोडें गणित. जन्मभर मुलांकडून त्रैराशिकें सोडवून घेतलीं. ही संधि मी दवडणार नाहीं. कोरियाचें नाणें वॉन. आपल्या एका रुपयास साधारण पंधरा-सोळा वॉन पडतात. समजा, एका घराची किंमत ६० कोटि वॉन आहे. साठ टक्क्यांनीं ठेव झाली ३६ कोटि, म्हणजे आपले सुमारें सव्वादोन कोटि रुपये. घरमालक म्हणतो, 'निम्मीच ठेव द्या, उरलेल्या १८ कोटींबद्दल दरमहा भाडें द्या.' ह्या मिश्र प्रकाराला अर्धें जॉन्से म्हणतात. आणि ठेव लहान व भाडें मुख्य असेल तर 'वॉल्से'. ठेवीचें भाड्यांत रूपांतर शेंकडा पांच दरानें केलें, तर १८ कोटींचे वर्षाला ९० लाख, महिन्याला साडेसात लाख वॉन. आतां भाडेकरू मनाशीं म्हणतो, हे १८ कोटि मी बँकेकडून कर्जाऊ आणले तर? बँकेचा दर चार असला तर व्याज महिना सहा लाख. सबंध ठेव देणें स्वस्त. दर सहा असला तर नऊ लाख. मग मासिक भाडेंच बरें. घरमालकाचें गणित बरोबर ह्याच्या उलट. व्याज पडलें कीं हातांतील ठेवीपासून त्याला कांहीं सुटत नाहीं, आणि तो भाडें मागूं लागतो. तेथील मध्यवर्ती बँकेचा दर मे २०२० मध्यें शेंकडा अर्ध्यावर उतरला होता. तोच जानेवारी २०२३ मध्यें साडेतीनवर चढला. पहिल्यानें घरमालक जॉन्सेपासून दूर गेले, दुसऱ्यानें भाडेकरू. १९९५ च्या शिरगणतींत सुमारें तीस टक्के कुटुंबें जॉन्सेनें राहत होतीं. २०२० च्या शिरगणतींत तें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें, आणि मासिक भाडें देणारीं कुटुंबें त्यांच्याहून अधिक भरलीं.

भाडेकरूच्या संरक्षणाचा कायदा १९८१ सालीं झाला. १९८९ च्या अखेरीस कराराची किमान मुदत एका वर्षाची दोन वर्षें करण्यांत आली. घरमालकांनीं दोन वर्षांची वाढ एकदम मागितली, आणि १९९० च्या वसंत ऋतूंत सोलमध्यें ठेवी इतक्या भडकल्या कीं घर मिळेना म्हणून भाडेकरूंनीं जीव दिल्याच्या बातम्या येऊं लागल्या. जुलै २०२० मध्यें भाडेकरूला करार एकदां आणखी दोन वर्षांसाठीं वाढवून मागण्याचा हक्क मिळाला, आणि त्या वेळची वाढ पांच टक्क्यांच्या आंत ठेवण्यांत आली. पुन्हां तेंच झालें. जुने भाडेकरू सुखरूप राहिले. नव्या करारांच्या ठेवी मात्र वर गेल्या, आणि एकाच जिन्यावरील दोन सारख्या घरांची ठेव निरनिराळी झाली. कायदा चुकीचा होता असें मी म्हणत नाहीं. आंत असलेल्याचें रक्षण त्यानें केलें. बाहेर उभ्या असलेल्याचा विचार कमी केला, एवढेंच.

आतां खऱ्या धोक्याकडे येऊं. भाडेकरूची ठेव परत द्यावयाची ती घरमालक कोठून देतो? बहुधा तिजोरींतून नव्हे. पुढच्या भाडेकरूची ठेव घेऊन तो मागच्याची देतो. ठेवी वाढत आहेत तोंपर्यंत ही फिरवाफिरव सुरळीत चालते. त्या घसरल्या कीं घरमालकाला पदरचे घालावे लागतात, आणि पदर रिकामा असेल तर भाडेकरू अडकतो. १९९७-९८ च्या आर्थिक संकटांत असें झालें. घरावरचें कर्ज आणि भाडेकरूची ठेव मिळून घराच्या किमतीबरोबर किंवा तिच्याहून अधिक झाली, तर त्या घराला तेथें 'डबा' म्हणतात. वरून पत्रा चकचकीत, आंत कांहीं नाहीं.

असे डबे हेतुपुरस्सर तयार करण्याचा धंदा निघाला, तो २०२२ च्या सुमारास उघडकीस आला. मोठ्या वसाहतींतील घरांचे भाव सर्वांना ठाऊक असतात. २००६ पासून प्रत्यक्ष विक्रीच्या किमती सरकार जाहीर करतें. पण 'बिल्ला' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या तीन-चार मजल्यांच्या लहान इमारतींत, विशेषतः नव्या बांधलेल्या, किमतीचा अंदाज कशावरून घ्यावा? थोडी पुंजी असलेलें तरुण जोडपें बहुधा येथेंच येतें. त्याच्याकडून घराच्या पुऱ्या किमतीएवढी ठेव घ्यावयाची, त्याच पैशांतून बांधणाऱ्याला किंमत चुकती करावयाची, आणि घर एखाद्या निष्कांचन माणसाच्या नांवावर चढवावयाचें, अशी ती युक्ति. अशा रीतीनें हजारांहून अधिक घरांचा धनी झालेला एक इसम ऑक्टोबर २०२२ मध्यें मेला. पत्रकारांनीं त्याला 'बिल्लांचा राजा' म्हटलें. त्याच्या भाडेकरूंना ठेव मागावयास मनुष्यच उरला नाहीं. इंचॉन शहराच्या मिछूहोल भागांत दुसरें एक मोठें प्रकरण झालें. २०२३ च्या फेब्रुवारी ते एप्रिल ह्या काळांत तेथील तीन तरुण भाडेकरूंनीं आत्महत्या केल्या. त्या वर्षीं मे महिन्यांत संसदेनें खास कायदा केला. त्याखालीं फसलेले म्हणून मान्य झालेल्यांची संख्या २०२५ पर्यंत तीस हजारांवर गेली, आणि त्यांत बहुतेक चाळिशीच्या आंतले.

हीं माणसें भोळीं होतीं, असें म्हणून मोकळें होतां येणार नाहीं. त्यांनीं ऊन पाहिलें, स्टेशन पाहिलें, दलालावर विश्वास ठेवला. दलालाची पेढी पूर्वी 'बोक्दॉकबांग' म्हणून ओळखली जाई. भाग्याची आणि पुण्याईची खोली, असा तिचा अर्थ. मोहल्ल्यांतील म्हातारे तेथें बुद्धिबळासारखा पट मांडून बसत आणि प्रत्येक घराची कुंडली त्यांना पाठ असे. १९८० नंतर परीक्षा देऊन परवाना घेतलेले दलाल आले. ज्ञान वाढलें असेल. पण फसवणुकीच्या ह्या प्रकरणांत कांहीं परवानेवालेहि सामील निघाले.

तेव्हां शहाणें कुटुंब काय करतें? न्यायालयाच्या नोंदवहींतून घराचा उतारा काढतें. तो कोणालाहि मिळतो. वर बोजा किती आहे तो पाहतें. रहावयास जातांच मोहल्ल्याच्या कचेरींत वस्तीची नोंद करतें आणि करारावर तारखेचा शिक्का मारून घेतें. पुढेंमागें घराचा लिलाव झाला तर देणेकऱ्यांत आपला नंबर कितवा, हें त्या तारखेवर ठरतें. त्यांतहि एक फट होती. २०२२ सालीं चालूं असलेल्या कायद्याप्रमाणें भाडेकरूचा हक्क नोंद केली त्या दिवशीं नव्हे, तर मध्यरात्र उलटून दुसरी तारीख लागली म्हणजे सुरू होई. बँकेचें गहाण मात्र नोंदलें त्याच दिवशीं पक्कें. सकाळीं भाडेकरू आंत आला आणि दुपारीं घरमालकानें घर गहाण टाकलें, कीं पहिला नंबर बँकेचा. एका दिवसाच्या ह्या अंतरांत कित्येकांची दहा वर्षांची बचत गेली. म्हणून करारांतच तसें न करण्याचें कलम घालून घेऊं लागले. एप्रिल २०२३ पासून १ कोटि वॉनहून अधिक ठेव देणाऱ्यास करार झाल्यावर घरमालकाची थकलेली सरकारी पट्टी त्याच्या संमतीवांचून पाहण्याची मुभा मिळाली. कारण कराची वसुली ठेवीच्या आधीं होऊं शकते, हें पुष्कळांना ठाऊकच नव्हतें. ठेवीचा विमा उतरणारी सरकारी संस्था आहे. ती पूर्वी घराच्या पुऱ्या किमतीएवढ्या ठेवीचीहि हमी घेई, आणि लबाडांना तेंच पथ्यावर पडलें. मे २०२३ पासून तिनें ती मर्यादा नव्वद टक्क्यांवर आणली.

माझा एक जुना विद्यार्थी सोलजवळच्या सुवॉन शहरीं नोकरीस होता. त्याची ठेव कंपनीनें भरली होती, त्यामुळें त्याला झोप चांगली लागे. त्यानें मला लिहिलें होतें कीं शेजारीं नवें बिऱ्हाड आलें तेव्हां सामानाचीं खोकीं तशींच ठेवून नवराबायको आधीं कचेरींत शिक्का मारावयास गेलीं, चूल मागाहून.

घर बदलण्याचा दिवसहि तेथें पाहूनच ठरतो. 'सोन' नांवाची एक त्रासदायक शक्ति चांद्र महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तिथीस पूर्वेला, तिसऱ्या-चौथ्या तिथीस दक्षिणेला, अशी फिरत असते, आणि नववी-दहावी आली कीं आकाशांत जाते, अशी समजूत. म्हणून ९, १०, १९, २०, २९, ३० ह्या तिथि निर्धोक. त्या दिवशीं सामान वाहणारे जास्त पैसे घेतात, आणि सुशिक्षित माणसें हंसत हंसत ते देतात. अशा दिवशीं सकाळीं गल्लोगल्लीं उंच शिड्यांच्या गाड्या लागतात आणि कपाटें खिडकींतून खालीं उतरूं लागतात. नव्या भाडेकरूची ठेव घरमालकाकडे जाते. तो ती जाणाऱ्या भाडेकरूला देतो. हा ती आपल्या नव्या घरमालकाला देतो, आणि तेथूनहि कोणी तिची वाट पाहत निघालेला असतो. एकच रक्कम एका सकाळींत चार घरें फिरते. कोठें एक कडी अडकली तर चारहि घरांचीं दारें अडतात. पैसे जमा झाल्याचा निरोप येईपर्यंत दलालाच्या टेबलावर किल्ली पडून असते, तिच्याभोंवतीं दोन्ही कुटुंबें गप्प बसलेलीं असतात, आणि खालीं रस्त्यावर सामानानें भरलेली गाडी उभी असते.